द्राक्षबागेतले वायरलेस सेन्सर : सामान गोळा करतानाच्या नोंदी (जून ते सप्टेंबर २०२४)

१५ जून, शनिवार

आधी काम काय आहे ते सांगतो. तासगावजवळ आमची अडीच एकर द्राक्षबाग, मी पुण्यात नोकरीला, बाग आप्पा बघतात. ऑक्टोबर छाटणीनंतर हवेत ओल राहिली आणि पानं सुकली नाहीत की डाऊनी (बुरशीचा रोग) येतो, आणि औषध मारायचं की थांबायचं हे आप्पा पहाटे बागेत जाऊन पानाला हात लावून ठरवतात. मला बागेत पाच ठिकाणी डबे लावायचेत. तापमान, आर्द्रता, पान ओलं की कोरडं, आणि दोन डब्यांत मातीतली ओल. दर पंधरा मिनिटांनी रीडिंग घरी यायला पाहिजे. घर बागेपासून सहाशे मीटर, मध्ये विहीर आणि शेजाऱ्यांचा ऊस, त्यामुळे वायफायचं नावच नको, पाच डब्यांत पाच सिमकार्डं घालून रिचार्ज कोण करत बसणार, म्हणून लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर पोचणारा रेडिओ.

प्रोग्रॅम मला येतो, सोल्डरिंग चालण्यासारखं आहे. सामान एका शनिवारात येईल असा हिशोब होता. ही नोंदवही त्या हिशोबाचं काय झालं त्याची आहे, तुम्ही कोणी असंच काही करणार असाल तर निदान त्याच खड्ड्यात पडू नका.

आज बुधवारात गेलो. बुधवार पेठेतली ती दुकानं ज्यांनी बघितलीत त्यांना माहितीये, काउंटरवर कोपर टेकायला जागा नाही, वर माळ्यावर एक पोरगा, खालून नाव पुकारलं की वरून पाकीट पडतं. मी म्हटलं लोरा मॉड्यूल पाहिजे, मालक म्हणाले आहे ना, किती देऊ. चार घेतली, रा-०२ नावाची, ३८० ला एक. आर्डुइनो प्रो मिनी, म्हणजे प्रोग्रॅम टाकायचे छोटे बोर्ड, सहा, २१० ला एक, "३.३ व्होल्टवाली द्या" असं स्पष्ट सांगून. टीपी ४०५६ चार्जर बोर्ड सहा, २० ला एक. याला दोन प्रकार येतात, ज्याला फक्त चार पॅड असतात त्यात बॅटरीचं प्रोटेक्शन नसतं, सहा पॅडवालं घ्यायचं. हे माहीत होतं म्हणून बरोबर आणलं. एवढंच बरोबर आणलं असं आता वाटतं.

१६ जून, रविवार

रात्री डेटाशीट, म्हणजे चिपच्या कंपनीचं माहितीपत्रक, उघडली. हे काल सकाळी करायचं होतं.

रा-०२ वर एसएक्स १२७८ चिप आहे आणि ती ५२५ मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही, मॉड्यूल ४३३ चं आहे. आपल्याकडे लांबच्या कामासाठी विनापरवाना पट्टा आहे तो ८६५ ते ८६७ चा, २००५ पासून, ट्रान्समीटर एक वॉटपर्यंत चालतो, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवलाय. ४३३ ला जी मुभा आहे ती अगदी कमी पॉवरची. शेतात कोण बघायला येतंय असं मित्र म्हणाला, पण मला पाच वर्षं चालवायचंय आणि उद्या गावातल्या दुसऱ्या कोणाला करून द्यायचं झालं तर नियमात बसलेलं बरं. म्हणजे एसएक्स १२७६ चिप पाहिजे, आरएफएम ९५ किंवा तसलं काही, ८६८ मार्कवालं. ते सॉफ्टवेअरमध्ये ८६५.४०२५ ला लावता येतं.

१५२० रुपये गेले. दुकानात "लोरा द्या" म्हणू नका, चिपचा नंबर आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही सांगा. दुकानदाराची काही चूक नाही, मी मागितलं ते त्यानी दिलं.

बाहेरून मागवायचा विचार केला तर रेडिओ असलेल्या मॉड्यूलच्या इम्पोर्टला वायरलेस विभागाची मान्यता लागते, कागद नसले की कस्टमला अडकतं. अलीएक्सप्रेस आपल्याकडे नोव्हेंबर २०२० पासून बंदच. तेव्हा जे इथे मिळेल ते.

२३ जून, रविवार

जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर गेलात तर बरा माल. लॅपटॉपचे मेलेले बॅटरी पॅक तीन घेतले, दीडशेला एक, तो अडीचशे म्हणत होता. प्रत्येकात सहा सेल. पॅक मरतो तेव्हा बहुतेक वेळा एखादी जोडी गेलेली असते, बाकीचे ठीक असतात.

नवीन का नाही घेतले तर ऑनलाइन बघा, ९९०० मिलिअँपअवर लिहिलेले सेल शंभर रुपयांत विकतात. १८६५० आकारात, म्हणजे लॅपटॉपच्या पॅकमधल्या गोल सेलच्या, साडेतीन हजारांच्या आसपास गाडी थांबते, त्याच्या फार वर जे लिहिलंय ते खोटं. किचनच्या काट्यावर ठेवून बघा, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, हे भुक्कड तीसेक ग्रॅमचे असतात. जुना खरा सेल नव्या खोट्यापेक्षा परवडला.

पॅक फोडायला दोन तास. प्लास्टिक कापताना स्क्रूड्रायव्हर आत घुसून दोन पट्ट्या शॉर्ट झाल्या, ठिणगी उडाली आणि बायकोनी सगळं बाल्कनीत काढायला लावलं. बरोबर आहे तिचं. लाकडी पट्टी वापरा, आणि निकेलची पट्टी ओढून काढताना पकडीने गुंडाळत काढा.

अठरापैकी चार सेल एक व्होल्टच्याही खाली, ते लगेच बाजूला, दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करायच्या भानगडीत पडायचं नाही. चौदा चार्जला लावले. आता ४.२ ला भरून दहा दिवस नुसते ठेवायचे, जो आपोआप उतरतो तो कामाचा नाही.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात आहेत, पेठांकडे फिरकण्यात अर्थ नाही. ऑनलाइन मागवलेले बीएमई २८०, म्हणजे तापमान-आर्द्रतेचे सेन्सर, आले, सहा, १८५ ला एक. बाकी सगळीकडे साडेतीनशे-चारशे होता आणि इथे १८५, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

३ जुलै, बुधवार

शंका खरी. सहाच्या सहा बीएमपी.

दोघांचं बोर्ड जांभळं, सारखंच, खाली छापलेलंही "बीएमई/बीएमपी २८०" असं दोन्ही. फरक असा की बीएमई आर्द्रता देतो, बीएमपी देत नाही, फक्त दाब आणि तापमान. आणि मला सगळ्यात जास्त गरज आर्द्रतेचीच. ओळखायचं कसं : चिपचा आयडी रजिस्टर वाचा, बीएमई असेल तर हेक्समध्ये ६० येतो, बीएमपी ५८ देतो. बऱ्याच लायब्रऱ्या नुसतं "सेन्सर सापडला नाही" म्हणतात आणि आपण वायरिंग तपासत बसतो, मी पाऊण तास बसलो, पुल-अप रेझिस्टर बदलले, सेन्सरचा पत्ता ७६ चा ७७ करून बघितला. डोळ्यांनीही कळतं एकदा माहीत झालं की, बीएमईची पत्र्याची टोपी चौकोनी असते, बीएमपीची थोडी लांबट.

विक्रेत्याला फोटो आणि स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं की मॉड्यूल टेस्ट करूनच पाठवतो. मग मी लिस्टिंगमधलं "ह्युमिडिटी" असं लिहिलेलं वाक्य कापून पाठवलं. (हे नंतर लिहितोय) चार दिवस मेलामेली करून अर्धे पैसे परत, ५५५ रुपये, माल ठेवा म्हणाला. बीएमपी सहा पडलेत, कोणाला दाब मोजायचाय का?

६ जुलै, शनिवार

मुंबई. सकाळच्या गाडीनं दादर, तिथून लोकलनं ग्रँट रोड, पूर्वेला उतरून पाच मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय पण ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर माणूस विचारात पडतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

या वेळी तयारीनं गेलो होतो. बॅगेत लॅपटॉप, नॅनो बोर्ड, चार जंपर वायर आणि भिंग. पहिल्या दोन दुकानांत "टेस्ट करून घेणार" म्हटल्यावर नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी स्टूल दिलं, काउंटरवरचा कॅल्क्युलेटर बाजूला सारून जागा केली आणि स्वतः भिंग घेऊन टोप्या बघायला लागले. पाच बीएमई, ३९० ला एक, पाचही ६०. पिना सोल्डर केलेल्या नसतात, तेव्हा जंपरच्या पिना भोकांत तिरक्या दाबून धराव्या लागतात, एक हात सतत अडकलेला, कोणाला तरी सोबत घेऊन जा. मागे गिऱ्हाइकं खोळंबली तरी म्हातारेबाबा त्यांनाच समजावत होते की हे कसं चेक करायचं.

आरएफएम ९५, ८६८ मार्कवालं, सहा, ७२० ला एक. ही सगळ्यात मोठी रक्कम, ४३२०, पाच डब्यांना आणि एक घरच्या रिसीव्हरला. आरएफएमच्या पिना २ मिलिमीटर अंतराच्या असतात, ब्रेडबोर्डच्या २.५४ च्या, म्हणजे सरळ बसत नाही. त्याला जुगाड आहे, ईएसपी-१२ या वायफाय मॉड्यूलसाठी जो पांढरा अॅडॅप्टर बोर्ड येतो ना पंधरा रुपयांचा, तोच याला बसतो, दोन्ही बाजूंना आठ-आठ पिना. फक्त त्यावर आधीपासून लावलेले बारके रेझिस्टर सगळे उपसून काढायचे, ते ईएसपीसाठी असतात आणि इथे भलत्याच पिना जोडून बसतात.

अँटेना सहा, १३० ला एक. अँटेनापासून बोर्डापर्यंतची बारीक वायर, पिगटेल म्हणतात ती, सहा, ७० ला एक. जाण्यायेण्याचे आणि खाण्याचे मिळून ६४०. रात्री अकराला घरी, पावसानं भिजून, पण बॅग कोरडी.

१३ जुलै, शनिवार

अँटेना बसत नाही.

म्हणजे आटे बसतात, अगदी मस्त फिरत शेवटपर्यंत जातं, पण मध्ये पिनच नाही. अँटेनाच्या टोकात भोक आणि पिगटेलच्या टोकातही भोक, दोन भोकं एकमेकांकडे बघतायत. अँटेना निघाली आरपी-एसएमए, वायफाय राउटरला असते ती जात, आणि पिगटेल साधा एसएमए. दोघांचे आटे एकच, मधली पिन उलटसुलट. दुकानात मी फिरवून बघितलं होतं आणि बसतंय म्हणून खूश झालो होतो. आटे बघू नका, आत डोकावून बघा, एकात पिन आणि एकात भोक पाहिजे.

मुंबईला परत जाणं परवडत नाही म्हणून आरपीवाले पिगटेल सहा ऑनलाइन मागवले, पुन्हा ४२०. ते यायच्या आत टेस्टिंगसाठी नुसती तार लावली, ८६५ ला पाव लांबी ८.७ सेंटिमीटर येते, एकेरी तांब्याची तार, घरातल्या वायरिंगच्या तुकड्यातली. अँटेना न लावता ट्रान्समिट करायचं नाही, मॉड्यूल जाऊ शकतं, त्यामुळे तार तर तार. आणि टेबलावर दोन खोल्यांमध्ये तरी तार आणि विकतची अँटेना यात काही फरक दिसला नाही. हे आधी कळलं असतं तर, असो.

पिगटेलचं बोर्डाकडचं ते बारकं टिचकीचं कनेक्टर तीसेक वेळा काढघाल करण्याइतकंच बनवलेलं असतं. सारखं काढू नका.

२६ जुलै, शुक्रवार

काल पुण्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांनी बघितलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी, शाळा बंद. पिगटेलचं पार्सल कुठल्यातरी गोदामात. त्या लोकांचं काय झालं असेल ते सोडून मी ट्रॅकिंग बघत बसलो होतो याची लाज वाटली.

सेलचं राहिलं लिहायचं. चौदापैकी नऊ सेल दहा दिवसांनंतरही ४.१ च्या वर टिकले. पाच लागणार, चार सुटे.

२८ जुलै, रविवार

आज प्रो मिनी पहिल्यांदा चालू केले. दीड महिना झाला आणून, तेव्हाच करायला पाहिजे होतं, आता परत करायची मुदत कुठली.

सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे बोर्ड जे लिहून पाठवतो ते लॅपटॉपवर दिसतं तिथे, ९६०० च्या वेगाला सगळा कचरा, चौकोन आणि प्रश्नचिन्हं. वायर बदलली, यूएसबी बोर्ड बदलला. मग सहज १९२०० केलं आणि नीट अक्षरं आली. बरोब्बर दुप्पट म्हटल्यावर ट्यूब पेटली, मी ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झ निवडून प्रोग्रॅम टाकलाय आणि बोर्डावर क्रिस्टल, चिपचा वेग ठरवणारा पार्ट, १६ चं आहे. म्हणजे ५ व्होल्टवाले बोर्ड दिलेत, सहाही. भिंगातून बघितलं तर क्रिस्टलवर १६ खोडलेलंही नाही, स्पष्ट आहे.

मग फेकायचे का? नाही. रेग्युलेटरला (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा पार्ट) वळसा घालून व्हीसीसी पिनेवर थेट ३.३ दिले की चिपला व्होल्टेज चालतं, पण ३.३ वर १६ मेगाहर्ट्झ तिला झेपेल असं डेटाशीट म्हणत नाही, तेराच्या आसपासच मर्यादा येते. तर सेटअपच्या पहिल्या ओळीतच क्लॉक प्रीस्केलर दोन करायचा, की ८ मेगाहर्ट्झवर येते, आणि बोर्ड ८ वालाच निवडलेला राहू द्यायचा. सिरीयलही ९६०० वर सुधारलं. आता चार दिवस सतत चालवून ठेवणार एक. बघू.

४ ऑगस्ट, रविवार

बोट भाजलं.

सेल ४.२ पासून ३.४ पर्यंत उतरतो आणि मला ३.३ पाहिजेत, तर नेहमीचा १११७ मालिकेतला रेग्युलेटर चालत नाही, त्याला वर एक व्होल्टभर जास्त लागतं आणि स्वतः बसल्याजागी मिलिअँपांनी खातो. म्हणून एमसीपी १७०० घेतले, दहा, २२ ला एक, तो स्वतः दोनेक मायक्रोअँपवर राहतो. दिसायला ट्रान्झिस्टरसारखा तीन पायांचा. माझ्या डोक्यात ७८एल०५ चे पाय पक्के बसलेत, आउट-ग्राउंड-इन, त्याच क्रमानं लावला. याचे पाय आहेत ग्राउंड-इन-आउट. सेल जोडला, अर्ध्या मिनिटात वास आला, बघायला बोट लावलं आणि चटका. टीपी ४०५६ वरच्या प्रोटेक्शननं कट मारला म्हणून बाकी काही गेलं नाही. सहा पॅडवालं घेतलं होतं त्याचे पैसे आज वसूल.

आता पाकिटावर मार्करनं पाय काढून ठेवलेत. सगळ्याच पाकिटांवर. पुढचा रविवार होऊ दे वाया, पण प्रत्येक पार्टच्या पाकिटावर पाय, कुठून आणला, किती तारखेला, किती रुपये, टेस्ट झाला की नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

मातीच्या ओलीचे सेन्सर, ती काळी लांबट पट्टी, कपॅसिटिव्ह, व्हर्जन १.२ म्हणतात, चार आणले ७५ ला एक. पहिल्यांदा तो दोन दातांचा काट्यासारखा येतो तो घेणार होतो, पण त्याचे दात मातीत करंट जाऊन हिरवे पडतात आणि महिन्यात खाल्ले जातात, मागे तुळशीच्या कुंडीत अनुभव घेतलाय.

चारपैकी दोन ३.३ वर काहीच देत नाहीत. ५ दिले की चालू. भिंग काढलं. चांगल्यांवर टीएलसी ५५५ ही टायमर चिप आहे आणि या दोघांवर एनई ५५५, त्याला किमान साडेचार व्होल्ट लागतात. वरून एकसारखे, एकाच पिशवीतून निघालेले. दोनच लागत होते, चार घेतले म्हणून निभावलं. अजून एक बघायचं, काही बोर्डांवर एक मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला टेकलेलाच नसतो, मग पाण्यातून काढला तरी रीडिंग खाली यायला मिनिटं लावतो. बारीक तारेनं जोडून घ्यायचा.

पट्टीच्या कडा कापलेल्या असतात, तिथून पाणी आत शिरतं. दोन हात नेलपॉलिश, आणि वरचा पार्ट असलेला भाग इपॉक्सीत बुडवला. नेलपॉलिश कोणाचं ते लिहीत नाही.

पान ओलं की नाही यासाठी पावसाचा सेन्सर म्हणून जी रेघारेघांची प्लेट मिळते तीच वापरतोय, तिरकी लावून. तिलाही करंट सतत दिला तर रेघा खाल्ल्या जातात, म्हणून दोन डिजिटल पिनांवर जोडली, रीडिंगपुरताच करंट, एकदा इकडून एकदा तिकडून. पहिली प्लेट मी सतत चालू ठेवून ओल्या फडक्याखाली आठ दिवस ठेवली होती, तिची आता नक्षी झालीये.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. झोपेतला करंट. प्रो मिनीवरचा लाल एलईडी आणि रेग्युलेटर काढले नाहीत तर सव्वा मिलिअँप जातो, काढल्यावर पूर्ण डबा मिळून १२ मायक्रोअँप. एलईडी काढायला हेअर ड्रायर पुरत नाही, सोल्डरिंगच्या दोन टोकांनी एकदम धरला.

मोजताना दोन तास एका भुतापायी गेले. मीटर मायक्रोअँपवर लावला की बोर्ड सारखा रीसेट. बोर्डात काही नव्हतं, मीटर त्या रेंजला स्वतःच व्होल्टेज खातो, रेडिओ जागा होऊन शंभरेक मिलिअँप मागतो आणि चिपला पुरत नाही. मीटरला समांतर एक जंपर लावायचा, बोर्ड झोपला की जंपर काढून वाचायचं आणि उठायच्या आत परत लावायचा.

मग कागदावर हिशोब केला. दिवसाला ९६ वेळा पाठवणं, झोप, सेन्सर वाचणं सगळं मिळून एक मिलिअँपअवरच्या आसपास. जुना सेल दीड हजाराचा धरला तरी दोन हंगाम आरामात. म्हणजे मी मागच्या आठवड्यात बुधवारातून जे पाच सोलर पॅनल आणले, १४० ला एक, त्यांची गरजच नाही. हा हिशोब दहा मिनिटांचा होता, ७०० रुपये आधी दिले.

२४-२५ ऑगस्ट, तासगाव

स्वारगेटहून एसटी, मांडीवर खोका. कंडक्टरनं विचारलं काय आहे, सेन्सर म्हटलं तर त्यानं तो वर ठेवायला दिला नाही, घ्या मांडीवरच.

डबे मात्र गावातच घेतले, इलेक्ट्रिकच्या दुकानात, पाण्याला टिकणारे जंक्शन बॉक्स ९५ ला एक, ग्लँड (वायर डब्यात घ्यायची घट्ट बसणारी नळी) ८ ला एक असे वीस. पुण्यात हेच ऑनलाइन दीडपट होते. आर्द्रतेचा सेन्सर डब्याच्या आत ठेवून चालत नाही, उन्हात आत भट्टी होते, त्याला बाहेर सावली पाहिजे पण वारा लागला पाहिजे. कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या, सहा-सहा, मधून भोक पाडून लांब स्क्रूवर एकावर एक, मध्ये पेनाच्या नळीचे तुकडे. आप्पा बघत होते. "ही उतरंड कशाला रं?" मग स्वतःच करवत घेऊन नळ्या कापायला बसले, माझ्यापेक्षा सरळ कापल्या.

रेंज : बागेच्या पलीकडच्या टोकावरून घरापर्यंत पोचलं, पण उसाच्या मागच्या डब्याचं दहातलं एक रीडिंग गळत होतं. घरचा रिसीव्हर खिडकीतून काढून पाण्याच्या टाकीवर बांबूला बांधला, गळणं थांबलं. अँटेना बदलण्यापेक्षा उंची वाढवा. रिसीव्हरला ईएसपी ३२ (वायफायवाला बोर्ड) कपाटात पडलेलाच होता, त्याचा खर्च धरला नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. सकाळी पूजा, दुपारी पाचही डबे मांडवाच्या तारांना लावले. एका डब्याची ग्लँड मी उलटी, वरच्या बाजूला ठेवली होती, आप्पांनी फिरवायला लावली, वायर खालून आत गेली पाहिजे म्हणजे पाणी वायरीवरून आत ओघळत नाही. त्यांना हे पंपाच्या स्टार्टरवरून माहीत.

१५ सप्टेंबर, रविवार

हिशोब. अर्धे परत आलेले ५५५ वजा करून आणि तारा, इपॉक्सी, ताटल्या, अॅडॅप्टर वगैरे किरकोळ ९०० धरून एकूण १५,१९०. यातले वाया : ४३३ ची मॉड्यूलं १५२०, चुकीचे पिगटेल ४२०, बीएमपीचे न परतलेले ५५५, मातीचे दोन १५०, सोलर ७००. म्हणजे ३३४५, शिवाय एक रेग्युलेटर, एक प्लेट आणि बोट. वेळेचं बघितलं तर सामान जमवणं आणि तपासणं यात आठ शनिवार-रविवार, प्रत्यक्ष जोडणी आणि प्रोग्रॅम मिळून तीन.

रोज सकाळी आप्पा फोनवर आकडे बघतात आणि तरी बागेत जाऊन पानाला हात लावतात. काल म्हणाले दोन नंबरचा डबा खरं बोलतोय, चार नंबरचा लबाड आहे. मी म्हटलं पाचही सारखेच आहेत. "न्हाई, त्यो दुपारी पण पान वलं दावतोय."

२९ सप्टेंबर, रविवार

चार नंबर परवापासून गप्प. काल रात्रीच्या गाडीनं आलो, छाटणी शनिवारी धरलीये. डबा उघडला, आत मुंग्यांनी माती आणलेली, एका न वापरलेल्या ग्लँडमधून, तिला बूच लावायचं राहिलं होतं. पण बंद पडायचं कारण ते नव्हतं. सेल आणि बोर्ड यांच्यामध्ये मी साध्या जंपर वायरींची टोकं वापरली होती, ब्रेडबोर्डवरची, ती ढिली होऊन काळी पडलीत. आणि दुपारी ओलं दाखवायचं कारण पण सापडलं, प्लेटच्या वायरीची टोकं तशीच उघडी, त्यावर औषधाचा थर. आप्पा बरोबर होते.

बाकीच्या चार डब्यांतही तीच टोकं आहेत. दोन रुपये वाचवायला तिथे कनेक्टर घेतले नव्हते, आठशे रुपयांचं तिकीट जाऊन येऊन झालं. आत्ता चार नंबरला थेट सोल्डर मारून चालू केलाय, सोल्डरिंगची वायर विहिरीवरच्या मोटारीच्या बोर्डातून ओढून. प्लेटच्या टोकांना एमसील. आप्पा विचारतायत आता खरं बोलेल का.

उद्या सोमवारी सुट्टी टाकून बुधवारात. यादी : जेएसटी कनेक्टर, लॉकवाले, दहा जोड. पिना चिमटायचा पक्कड. ग्लँडची बुचं.